दुसरी शिट्टी

शेखर मेहकरच्या तहसील कचेरीत लिपिक होता आणि संजीवनी चिखलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. पण जिल्ह्यातल्या ज्या गावांत बास्केटबॉलचे खांब उभे आहेत, तिथल्या मुलामुलींना ती दोघं माहीत होती ती पंच म्हणून. कितीतरी वर्षं जोडीनं सामने चालवत आलेले. शेखर वयानं मोठा, त्यामुळे पहिला पंच तो. संजीवनी त्याला सर म्हणायची. मैदानाबाहेर दोघांचं फार बोलणं नसायचं, चहा घेतला की तो त्याच्या गाडीला किक मारायचा आणि ती बसस्टँडकडे निघायची. मैदानावर मात्र समोरच्याची मान कुठं वळली एवढ्यावरून त्याला काय दिसलं ते दुसऱ्याला कळायचं.

दोन पंच असले की एक बोर्डाखाली उभा राहतो आणि दुसरा मागे, मध्यरेषेकडे. बोर्डाखालच्याला हात दिसतात, मागच्याला पाय. म्हणून कधीकधी दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजतात आणि एकानं एक पाहिलेलं असतं, दुसऱ्यानं भलतंच. हात मारला म्हणून एकाची मूठ वर जाते, म्हणजे फाऊल. चेंडू धरून पाय सरकवला म्हणून दुसऱ्याचा उघडा पंजा वर जातो, म्हणजे ट्रॅव्हलिंग. अशा वेळी एकट्यानं निर्णय द्यायचा नसतो. दोघांनी एकमेकांकडे चालत जायचं, आपापलं सांगायचं आणि आधी काय घडलं ते ठरवायचं. पाय आधी सरकला असेल तर खेळ तिथंच थांबला. त्यानंतर लागलेला साधा हात लागलाच नाही असं धरायचं.

या दोघांचं ते बोलणं फार थोडक्यात उरकायचं.

"काय?" शेखर विचारायचा.

"हात."

"पाय आधी."

"बरं."

आणि खेळ पुढे सुरू.

त्या दिवशी मेहकरच्या मैदानावर साखरखेर्डा आणि पिंपळगाव राजा या गावांच्या मुलींचा अंतिम सामना होता. थंडीचे दिवस, ऊन कललेलं. साखरखेर्डा एका गुणानं मागे आणि घड्याळात थोडेच सेकंद उरलेले. साखरखेर्ड्याची आरोही चेंडू घेऊन आत घुसली. पिंपळगावची ओवी तिच्या आडवी आली. आरोहीनं उडी घेतली. संजीवनी बोर्डाखाली होती. ओवीचा तळवा आरोहीच्या कोपरावर बसलेला तिला लख्ख दिसला. तिनं शिट्टी वाजवली, मूठ वर केली आणि त्याच क्षणी मध्यरेषेकडून दुसरी शिट्टी वाजली.

शेखरची शिट्टी नेहमी तुटक असायची, काडी मोडावी तशी. ही लांबली.

संजीवनीनं वर पाहिलं. शेखरचा उजवा हात वर होता. तो तिच्याकडे येत होता, तीही निघाली. अर्ध्या वाटेवर त्याच्या "काय?"ची वाट पाहत ती थांबली. त्यानं तोंड उघडलं तेव्हा शिट्टी ओठांतून सुटली आणि गळ्यातल्या दोरीवर लोंबकळली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच एका कुशीवर कलंडला. जमिनीला टेकेपर्यंत त्याचा तो हात वरच होता.

दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

तेरवीला संजीवनी मेहकरला गेली. शेखरची बायको सुलभा पोस्टात काउंटरवर बसायची, शांत आणि नेटकी बाई. जेवणाच्या पंगती उठल्यावर तिनं संजीवनीला आतल्या खोलीत बोलावलं.

"लोक म्हणतात, यायचा हात वर होता. काही सांगून राह्यले होते."

"हो वहिनी."

"काय सांगून राह्यले होते?"

"ते बोललेच नाहीत. तोंड उघडलं होतं फक्त."

"पन शिट्टी तर वाजवली ना यायनं? उगाच कोनी शिट्टी वाजवते का? काहीतरी पाह्यलं असंन." सुलभानं पदर सारखा केला. "माणूस जाता जाता काय पाहत होता, तेवढं तरी मले समजलं पाह्यजे."

संजीवनीलाही तेच हवं होतं.

आयोजन समितीच्या उत्तमरावांना सामना पुरा करायचा होता. जिंकणाऱ्या संघाला अमरावतीला विभागीय स्पर्धेसाठी पाठवायचं होतं. उरलेले सेकंद त्याच मैदानावर, त्याच वेळेला खेळवायचे असं ठरलं. पण खेळ सुरू कुठून करायचा? फाऊल असेल तर आरोहीला दोन फ्री थ्रो, म्हणजे साखरखेर्डा जिंकू शकतं. ट्रॅव्हलिंग असेल तर चेंडू पिंपळगावला, म्हणजे सामना संपल्यातच जमा.

उत्तमरावांनी दोन्ही प्रशिक्षकांना आणि संजीवनीला बोलावलं. साखरखेर्ड्याचा अविनाश म्हणाला, सरांची मूठ होती, त्यानं डोळ्यांनी पाहिली. पिंपळगावच्या धम्मशीलाताई म्हणाल्या, पंजा उघडा होता, आरोहीचा पाय सरकला होता आणि सरांनी तेच पकडलं. प्रेक्षकांतल्या कुणीतरी मोबाइलवर खेळ टिपला होता. त्यात शेखर नव्हता, फक्त त्याच्या शिट्टीचा आवाज होता. एक फोटोही निघाला. त्यात शेखरचा वर गेलेला हात दिसत होता. बोटं अर्धी मिटलेली. मूठही नाही, पंजाही नाही. दोन्ही प्रशिक्षकांनी तो फोटो आपापल्या बाजूनं दाखवला.

"मॅडम, तुम्ही जवळ होत्या," उत्तमराव म्हणाले. "तुम्हीच सांगा."

"मला ओवीचा हात लागलेला दिसला. सरांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही. आणि त्यांनी पाय पाहिला असेल तर तो आधीचा की नंतरचा, हे तेच सांगू शकत होते."

"पन आता तर तुम्हीच हायेत."

"मैदानावर सांगते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर अविनाश तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आरोही चेंडूले हात लावून नाही राह्यली. तिले वाटते, तिच्यापायी सर गेले. शिट्टी ऐकून ती खूश झाली होती म्हणे, अन् वळून पाह्यलं तर सर खाली."

त्यानंतरच्या आठवड्यात चिखलीत शाळांचे सामने होते. संजीवनीच्या जोडीला कुलदीप आला, नवखा पण डोळ्यांनी तल्लख. पहिल्या सामन्यात काही झालं नाही. दुसऱ्या सामन्यात बोर्डाखाली धक्काबुक्की झाली, तिनं शिट्टी वाजवली आणि मध्यरेषेकडून दुसरी ऐकू आली. लांबलेली. तिनं सवयीनं तिकडे पाहिलं. कुलदीपची शिट्टी ओठांत होती, पण त्याचा हात खाली होता आणि तो तिच्या निर्णयाची वाट पाहत होता.

"तू वाजवली का?"

"नाही मॅडम. काऊन?"

"काही नाही."

तिनं फाऊल दिला. मनाचे खेळ असतील असं तिनं स्वतःला समजावलं. इतक्या वर्षांची सवय, कानच ती दुसरी शिट्टी भरून काढत असतील. पण सामना संपल्यावर पाण्याच्या टाकीशी एक खेळाडू मुलगी दुसरीला सांगत होती, "अवं, मी थांबली काऊन का, मले वाटलं तिकून बी वाजली. दोनदा वाजली ना?"

संजीवनीनं ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं आणि निघून गेली.

मग ते होतच राहिलं. दर वेळी नाही. ऊन कलतं असलं आणि ती बोर्डाखाली असली की व्हायचं. तिची शिट्टी वाजली की पाठोपाठ ती दुसरी. मध्यरेषेजवळच्या त्याच अंतरावरून. तिला भीती वाटायची ती आवाजाची नाही. वर पाहायची भीती वाटायची. शेखर तिथं हात वर करून उभा असेल, बोटं अर्धी मिटलेली, आणि ती चालत गेली की तो तोंड उघडेल असं वाटायचं. म्हणून ती तिकडे बघेनाशी झाली. गुण नोंदवणाऱ्यांच्या टेबलाकडे तोंड करून निर्णय सांगायची आणि खेळ सुरू करून द्यायची. दोन शिट्ट्या एकदम वाजल्या तर जोडीदाराकडे जायचं असतं, हे तिनं स्वतः कितीतरी नव्या पंचांना शिकवलं होतं. आणि आता तीच ते टाळत होती.

घरी नवरा विचारायचा, "झोप नाही का येत?" ती म्हणायची, परीक्षा जवळ आल्यात. एकदा गॅसवर कुकरची शिट्टी झाली तर तिच्या हातातली वाटी पडली. नवऱ्यानं गॅस बंद केला.

उरलेल्या सेकंदांचा दिवस आला. मेहकरच्या मैदानाभोवती ज्यांचा खेळाशी काही संबंध नव्हता अशीही माणसं जमली होती. सर जिथं पडले ती जागा बघायला आलेली. मध्यरेषेच्या थोडं पुढे कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. उत्तमरावांनी ती उचलून बाजूला ठेवायला सांगितली, पण हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी संजीवनीनंच ती उचलली आणि टेबलावर ठेवली.

कुलदीपला तिनं मागच्या पंचाची जागा दाखवली. तो तिथं गेला, पण बरोबर त्या जागी उभा राहिला नाही, तीन हात डावीकडे सरकून उभा राहिला.

दोन्ही संघ मैदानात आले. आरोही बारीक झाली होती. ओवी तिच्याजवळ गेली, तिचा हात धरला आणि सोडला.

"त्या दिवशी होत्या तशा उभ्या राहा," संजीवनी म्हणाली. "आरोही, चेंडू घे. ओवी, तू समोर. उडी मारायची नाही, फक्त उभ्या राहा. मला पाहू द्या."

मुली उभ्या राहिल्या. आरोहीनं चेंडू वर धरला, ओवीनं हात तिच्या कोपराजवळ नेला. संजीवनी बोर्डाखाली आपल्या जागी गेली. तिला तेच दिसलं, तळवा आणि कोपर. तिनं शिट्टी ओठांत धरली होती, वाजवली नव्हती.

तेव्हा ती वाजली.

लांब, हळूहळू खाली जाणारी. ओवीचा हात आपोआप बाजूला झाला. आरोहीनं चेंडू छातीशी घेतला आणि मान वळवून मध्यरेषेकडे पाहिलं. गर्दीचा आवाज थांबला. कुलदीपनं आपली शिट्टी तोंडातून काढून सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली.

"मी नाही," तो म्हणाला. "मी नाही वाजवली."

संजीवनी जागची हलली नाही. या वेळी तिनं मान वर केली. मध्यरेषेजवळ, कुलदीपच्या उजवीकडे, कुणी नव्हतं. मोकळी जागा होती आणि जमिनीवर झेंडूच्या दोन पाकळ्या.

ती चालू लागली. ज्या अर्ध्या वाटेवर ती त्या दिवशी थांबली होती, तिथं ती थांबली नाही. पुढे गेली आणि त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली. हवा तिथं गार होती, की तिलाच वाटली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. जवळ उभ्या असलेल्या कुलदीपला तिचं बोलणं ऐकू गेलं.

"हात," ती म्हणाली. "मी हात पाहिला, सर. तुम्ही काय पाहिलं?"

मग ती वळली आणि बोर्डाकडे तोंड करून उभी राहिली, शेखर राहायचा तशी. आणि तिला काहीच दिसेना.

मैदान पूर्व-पश्चिम होतं. मावळतीकडे झुकलेला सूर्य बरोबर बोर्डामागे आला होता आणि त्याचं ऊन सरळ डोळ्यांत घुसत होतं. आरोही आणि ओवी म्हणजे दोन काळ्या सावल्या. हात कुठला, पाय कुठला, कळत नव्हतं. तिनं कपाळावर आडवा हात धरला, तरी नाही. बोर्डाखाली तिच्या पाठीला ऊन असायचं. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

अगदी सुरुवातीच्या एका सामन्यात तिनं अंदाजानं फाऊल दिला होता. तेव्हा शेखरनं सामना संपल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे दिसलं नाही त्याची शिट्टी वाजवायची नाही, कुणी कितीही ओरडू दे. त्यानं ते आयुष्यभर पाळलं होतं. मग त्या दिवशी त्यानं काय म्हणून वाजवली?

तो पंच म्हणून वाजवतच नव्हता. छातीत कळ आली तेव्हा त्याच्या तोंडात शिट्टी होती. हाक मारायला दुसरं काही नव्हतं. हात वर केला तो खेळाडूंसाठी नाही, संजीवनीसाठी. आणि सगळा तालुका त्याची बोटं मोजत बसला होता.

ती तशीच उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते उन्हानं की कशानं, बघणाऱ्यांना कळलं नसेल. धम्मशीलाताई बाकावरून उठल्या होत्या.

"ऐकलं, सर," ती म्हणाली.

मग ती टेबलाजवळ गेली. "निर्णय एकच आहे," तिनं सांगितलं. "दुसरी शिट्टी खेळाची नव्हती. फाऊल, पिंपळगाव, ओवी. दोन फ्री थ्रो." तिनं मूठ वर केली.

धम्मशीलाताईंनी विचारलं, "कशावरून नव्हती मॅडम?"

"तिथं उभ्या राहून पाहा, ताई."

त्या गेल्या. मध्यरेषेजवळ उभं राहून त्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि लगेच डोळ्यांवर हात घेतला. परत आल्या आणि बाकावर बसल्या. ओवीला म्हणाल्या, "जा बेटा, आपल्या जागेवर उभी राह्य."

आरोहीनं पहिला थ्रो टाकला तो रिंगला न लागता आत गेला. दुसरा रिंगवर दोनदा उडाला आणि बाहेर पडला. गुण बरोबरीत आले, जादा वेळ द्यावा लागला आणि त्यात पिंपळगावच्या मुली सहज पुढे निघून गेल्या. साखरखेर्डा हरलं. अविनाश थोडा वेळ डोकं धरून बसला, पण आरोही मात्र खेळली, घाम येईपर्यंत खेळली. शेवटी ओवीच्या गळ्यात पडून रडली, आणि अविनाशनं तिला रडू दिलं.

संजीवनी मैदानावरून थेट सुलभाकडे गेली. सुलभा नुकतीच पोस्टातून आली होती, पिशवी अजून खांद्यावर होती. संजीवनीनं तिला उन्हाचं सांगितलं, जागेचं सांगितलं.

"त्यांना काहीच दिसत नव्हतं, वहिनी. त्यांनी निर्णय दिलाच नव्हता. ते मदत मागत होते."

सुलभा खुर्चीवर बसली. बराच वेळ तिनं पिशवी खाली ठेवली नाही.

"म्हणजे यायले समजलं होतं," ती म्हणाली.

"हो. वाटतं तसं."

"अन् तुह्याकडं येऊन राह्यले होते."

"हो."

"जवळ कोनी होतं म्हणजे. मले वाटे, एवढ्या गर्दीत एकटेच गेले." ती उठली, पाण्याचा तांब्या भरून आणला, संजीवनीसमोर ठेवला. मग दाराकडे पाहत म्हणाली, "मंग आता काऊन वाजवून राह्यले ते?"

संजीवनीचा हात तांब्यावरच थांबला. त्या आवाजाचं तिनं घरी किंवा दारी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मैदानावर घडलेलं सुलभाच्या कानावर यायला अजून वेळ होता.

"तुम्हालाही ऐकू येते?"

"सुट्टीच्या दिवशी. दुपार कलली का येते, रस्त्याकडून. पहिल्यांदा वाटलं, ट्रॅफिकवाला असंन. पन आपल्या गल्लीत कुठचा ट्रॅफिकवाला." सुलभानं तोंडावरून पदर फिरवला. "मी आपली दारात जाऊन उभी राह्यतो. थांबेपर्यंत. त्याहून जास्त काय करनार. तू काय करतं?"

"आजपर्यंत तोंड फिरवत होते."

"नको फिरवू वो," सुलभा म्हणाली.

बाहेर मैदानावरून परतणाऱ्या साखरखेर्ड्याच्या मुलींची जीप गेली, आत कुणीतरी गाणं म्हणत होतं. दोघी दारात आल्या. रस्त्यावर ऊन संपत आलं होतं. त्या संध्याकाळी काही वाजलं नाही, तरी अंधार पडेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.